उकडलेला कोबी आणि मी

उकडलेल्या कोबीला स्वतःचं असं काही म्हणायचं नसतं. म्हणूनच त्याच्यावर संशय घेता येत नाही, असं तळमजल्यावरच्या मास्तरांचं मत. मास्तर रसायनशास्त्राचे. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण समोर माणूस आला की अजूनही त्याच्याकडे चंचुपात्राकडे बघावं तसं बघतात. माझ्याकडे तसं बघून ते म्हणाले, "भांडं आधी धुवायचं. मग एकेक पदार्थ टाकून बघायचा. ज्याने फेस येईल तो गुन्हेगार."

भांडं म्हणजे मी. फेस म्हणजे अर्धशिशी.

ही अर्धशिशी म्हणजे नुसती डोकेदुखी नव्हे. डोकेदुखी सभ्य असते, येते, दुखते, जाते. माझं डोकं दुखायच्या आधी वीस मिनिटं डोळ्यांसमोर वाकड्यातिकड्या चमकत्या रेघा नाचतात आणि जगाची डावी बाजू गायब होते. मग उरलेल्या उजव्या बाजूला कोणी तरी हातोडा घेऊन कामावर रुजू होतं. त्यात दोन महिन्यांपूर्वी टायफॉइड होऊन गेलेला. त्याने जाताना माझी सगळी ताकद आणि वर्षाची सगळी रजा सोबत नेली.

रजेचा प्रश्न साधा नव्हता, कारण मी अजून कायम झालो नव्हतो. बसच्या आगारात हरवलेल्या वस्तूंचा कक्ष असतो, तिथे मी लिपिक. लोक बसमध्ये काय काय विसरतात हे सांगायला बसलो तर मूळ विषय राहून जाईल. एवढंच सांगतो, की एका कुबडीवर आजतागायत कोणी दावा केलेला नाही, आणि तो माणूस बसमधून उतरला कसा, यावर आमच्या कक्षात दोन तट आहेत. कामाचा नियम एकच. वस्तू आधी दाखवायची नाही. माणसाने वर्णन करायचं, आपण नोंदीशी ताडून बघायचं, तंतोतंत जुळलं तर द्यायची. नाही तर नाही.

हा नियम मी एकदाच मोडला, तोही रेघांमुळे. चिठ्ठीवरच्या आकड्याची डावी बाजू दिसली नाही आणि चष्मा हरवलेल्या एका गृहस्थांना मी कवळीची डबी दिली. चष्मा नसल्यामुळे घरी पोचेपर्यंत त्यांनाही कळलं नाही. त्याबद्दल मला एक मेमो मिळाला. मग अर्धशिशीने दोन दिवस घरी झोपलो, त्याचं पत्र आलं. मजकूर थोडक्यात असा: महिनाअखेरीस प्रोबेशन संपते आहे. त्याआधी आणखी एक गैरहजेरी किंवा आणखी एक चूक झाल्यास आपली सेवा पुढे चालू ठेवण्याची गरज भासणार नाही. सेवा थांबली की मी काकांच्या पडद्यांच्या दुकानात जाणार, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. काका मला बघितलं की हल्ली टेप मोकळी करत.

हातात सव्वीस दिवस होते.

त्या दोन दिवसांच्या रजेचं प्रकरण तर वेगळंच. रजेच्या अर्जावर अकरा आजार छापलेले आहेत. त्यात सर्पदंश आहे, अर्धशिशी नाही. अर्ज घेणाऱ्या मुख्य लिपिक बाईंना आम्ही पोचबाई म्हणतो, कारण त्या प्रत्येक गोष्टीची पोच देतात. सकाळी नमस्कार केला तरी ड्रॉवरकडे हात जातो.

"दिसत नव्हतं म्हणालात ना?" पोचबाईंनी विचारलं.

"अर्धं दिसत नव्हतं."

"मग दृष्टिदोष. क्रमांक सात." त्यांनी खूण केली आणि मला पोच दिली.

आठवड्याने मुख्य कार्यालयाने नेत्रतज्ज्ञाचा दाखला मागवला. नेत्रतज्ज्ञ फार आनंदी माणूस. त्यांनी लिहून दिलं, की असे निर्दोष डोळे त्यांनी वर्षभरात पाहिले नाहीत. त्यावर कार्यालयाने विचारलं, डोळे निर्दोष असताना दृष्टिदोषाची रजा कशी घेतली, याचा खुलासा करावा. मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "डोकं दुखलं हे मी पाहिलेलं नाही. रुग्ण म्हणतो डोकं दुखलं, एवढं लिहितो." पोचबाईंनी तो दाखला दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "रुग्ण म्हणजे तुम्हीच. स्वतःच्या डोक्याला स्वतःच साक्षीदार कसे राहाल?" तर थोडक्यात, माझं डोकं दुखत होतं पण कागदावर ते सिद्ध होत नव्हतं.

डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं होतं, "साधं खा, पोटभर खा, वेळेवर खा, गोळी बरोबर ठेव." इतका बिनखर्चाचा, बिनत्रासाचा सल्ला ऐकून आमच्या घरात कोणाचाच विश्वास बसला नाही. म्हणून मास्तर.

मास्तरांनी लांबोडं रजिस्टर आणलं. तारीख, पदार्थ, प्रमाण, डोक्याची स्थिती, शेरा. रजिस्टर पाहून मला धीर आला. ज्या गोष्टीला रकाने असतात ती वाया जाणार नाही, असं मला नोकरीमुळे वाटायला लागलंय. पहिले तीन दिवस फक्त कोबी आणि कोबीचं पाणी. चौथ्या दिवशी सकाळी, घरीच, एक पदार्थ. डोकं दुखलं की तो पदार्थ बाद, पुन्हा कोबी, आणि तीन दिवसांनी पुढचा.

"स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात," मास्तर आईला म्हणाले. "मिठाचा कणसुद्धा जास्तीचा नको. प्रयोग आहे हा."

"मी कशाला घालतेय काही," आई म्हणाली.

"तसं लिहून द्या."

आईने रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून दिलं आणि खाली सही केली. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर थोडा वर उचलला, एवढं मला आता आठवतं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात वास पसरला. उकडलेल्या कोबीचा वास जड असतो, तो सरळ वर चढत नाही, प्रत्येक मजल्यावर थांबून चौकशी करतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू नाकाला पदर लावून आल्या.

"उंदीर मेलाय का हो कुठे?"

"नाही काकू, माझं जेवण आहे."

काकूंनी पदर खाली घेतला नाही, पण त्या बसल्या. त्यांच्या दिरांचं डोकं सहा वर्षं दुखत होतं. शेवटी अक्कलदाढ निघाली. "दाढ काढली, डोकं थांबलं."

"बरं झालं की."

"थांबलं म्हणजे, दाढच दुखायला लागली. काढलेली. डॉक्टर म्हणाले असं होत नाही. पण होतंय." मग त्यांनी मला पायमोजे घालून झोपायला सांगितलं. समोरच्या विमा एजंटाने पायमोजे काढून झोपायला सांगितलं, आणि बोलता बोलता माझं वय विचारून ते डायरीत लिहून घेतलं. दोघांचंही मन राखायला मी चार दिवस एका पायात मोजा घालून झोपलो. आजारी माणसाला स्वतःचं असं मत उरत नाही. ते तो बरा असताना वापरून टाकतो.

चौथ्या दिवशी बटाटा आला. दुपारी चारला रेघा, साडेचारला हातोडा. पण मी जागेवरून उठलो नाही. भिंतीला डोकं टेकवून तीन छत्र्या आणि एक पाळण्याची दोरी योग्य माणसांना परत केली. संध्याकाळी मास्तरांनी लाल शाईने लिहिलं: बटाटा, दोषी. सातव्या दिवशी भात: दोषी. दहाव्या दिवशी सफरचंद. त्या दिवशी डोकं दुखलं नाही, सफरचंद सुटलं. दुसऱ्या दिवशी नवं काहीही न खाता दुखलं, तेव्हा मास्तरांनी सफरचंदाला मागच्या तारखेने पुन्हा अटक केली. तेराव्या दिवशी गाजर, सोळाव्या दिवशी अंडं. सगळे दोषी. जगातलं अन्न एकेक करून माझ्या विरोधात उभं राहत होतं आणि बाजूने फक्त कोबी होता.

एकच गोष्ट मास्तरांना छळत होती. दर तीन दिवसांनी ते माझं वजन करत, आणि ते वाढत होतं. सोळाव्या दिवशी दीड किलो.

"सूज असेल," मास्तर म्हणाले.

"सूजच असणार," आई लगेच म्हणाली. इतकी लगेच, की बाबांचा पेपर पुन्हा हलला.

"कोबीत एवढं काही नसतं," मास्तर स्वतःशीच बोलत जिना उतरले. शास्त्रावर असलेली त्यांची श्रद्धा कोबीमुळे डळमळत असल्याचं त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं. मला मात्र चव लागत होती. हल्ली कोबी बरा लागतो, असं मी म्हणालो तेव्हा आई म्हणाली, "सवय झाली तुला."

एकोणिसाव्या दिवशी मुख्य कार्यालयातून साहेब आले. मला कायम करायचं की नाही, याचा अहवाल त्यांना दिवसभर बसून लिहायचा होता आणि पाचच्या टपालाने पाठवायचा होता. नेमक्या त्याच सकाळी येताना बसमध्ये रेघा सुरू झाल्या. माझा थांबा मला उजव्या अर्ध्या बाजूवरून ओळखावा लागला. उतरलो, खुर्चीवर येऊन बसलो, साहेबांना नमस्कार केला. साहेब बारीक, शांत, टोपण लावलेलं पेन हातात धरून बसणारे. असे साहेब वाईट. टोपण काढतात तेव्हाच कळतं.

साडेदहाला कंडक्टर सकाळच्या वस्तू घेऊन आला. दोन छत्र्या, एक उशी आणि एक स्टीलचा गोल डबा.

डबा माझा होता.

इथे कोणीही शहाणा माणूस डबा उचलून पायाशी ठेवेल. पण साहेब बघत होते, आणि डब्याला नोंद क्रमांक पडला होता. क्रमांक पडला की वस्तू हरवलेली असते, मग ती सापडलेली का असेना. मी पोचबाईंकडे गेलो आणि म्हणालो, "मला एका डब्यावर दावा करायचाय."

पोचबाईंनी शांतपणे अर्ज काढला. मला काउंटरच्या पलीकडे, लोक उभे राहतात तिथे उभं केलं. पहिल्यांदाच मी ती खिडकी बाहेरून पाहिली. बाहेरून ती फार उंच आहे.

"वर्णन सांगा."

"स्टीलचा, गोल, झाकण जरासं सैल. एका कडीला पिवळा दोरा."

"जुळतंय. आतील ऐवज?"

"उकडलेला कोबी."

"आणखी?"

"आणखी काही नाही. फक्त कोबी." मग, साहेब ऐकत आहेत हे लक्षात येऊन, मी जरा जोरात म्हणालो, "एकोणीस दिवस मी दुसरं काही डब्यात आणलेलं नाही."

पोचबाईंनी झाकण काढलं. वर कोबी होता. समाधानाने त्या झाकण लावणार, इतक्यात साहेब म्हणाले, "खाली बघा. वरवर तपासणी करू नये." बाईंनी नोंद क्रमांक दोनशे बाराचा चमचा घेतला आणि कोबी बाजूला सारला.

खाली भात होता. त्यात कुस्करलेला बटाटा आणि बारीक किसलेलं गाजर. त्याखाली अंडं, उकडून चार फोडी केलेलं. आम्ही अटकेत टाकलेल्या पाचांपैकी चार आरोपी एकाच कोठडीत गुण्यागोविंदाने नांदत होते. शिवाय लोणी होतं, बदाम होते. यांच्यावर तर अजून खटलाही उभा राहिला नव्हता.

"वर्णन जुळत नाही," पोचबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा पडला होता. एवढी वर्षं त्या मला ओळखतात, म्हणजे दहा महिने.

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. "हा डबा तुमचा आहे?"

खरं तर मला म्हणायचं होतं, की हा डबा गेली आठ वर्षं माझा आहे. पण नियम मीच रोज लोकांना सांगतो. रडणाऱ्या लोकांनासुद्धा सांगतो. "वर्णन जुळलं नाही, साहेब," मी म्हणालो. "मला देता येणार नाही."

"मग कर्मचाऱ्यानेच चुकीचा दावा केला असं लिहावं लागेल."

म्हणजे दुसरी चूक. डोळ्यांपुढे पडदे दिसायला लागले, काकांच्या दुकानातले, लांबी-रुंदीसकट.

"साक्षीदार आणता येतो," पोचबाई एकदम म्हणाल्या. "कलम नऊ. डबा भरणारी व्यक्ती. पाचच्या आत."

मी घरी फोन केला. बाबांनी उचलला. "ऑफिसात आईला बोलावलंय, डब्यावरून," एवढंच मी सांगितलं. बाबांनी पेपर खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "एक ना एक दिवस व्हायचंच होतं," आणि फोन ठेवला.

दुपारी आई आली. पण एकटी आली नाही. जिन्यात मास्तर भेटले होते, आणि प्रयोगाबद्दल काही चौकशी आहे असं समजून ते रजिस्टर काखेत मारून सोबत आले होते. आईचा चेहरा पाहून मला कळलं, की येताना वाटेत ती एक अक्षर बोललेली नाही.

तोवर माझा हातोडा जोरात सुरू झाला होता आणि रेघाही परत आल्या होत्या. साक्षीदाराला काही सुचवायचं नाही, हा नियम असल्यामुळे मी भिंतीकडे बघत उभा राहिलो. डबा झाकण लावून टेबलावर ठेवलेला.

"हा डबा तुम्ही भरला?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"आत काय आहे?"

आईने मास्तरांकडे पाहिलं. त्यांच्या काखेतल्या रजिस्टरकडे पाहिलं, ज्याच्या पहिल्या पानावर तिची सही होती. "कोबी," ती म्हणाली.

मास्तरांनी समाधानाने मान डोलवली. साहेबांनी पेन कागदाला टेकवलं.

"फक्त कोबी?"

आईने माझ्याकडे बघितलं. किती वेळ, कोण जाणे. मला तिच्यातली निम्मीच दिसत होती. मग तिने पिशवी खाली ठेवली आणि पोचबाईंना म्हणाली, "घ्या लिहून. वरचा थर कोबीचा, दाखवायला. खाली दोन मुठी भात. एक बटाटा, एक गाजर किसून. अंडं एक, चार फोडी. लोणी मोठा चमचा. मध चमचाभर, पण तो विरघळला असेल, तुम्हाला सापडायचा नाही. बदाम नऊ, सोललेले."

"बदाम आठ आहेत," पोचबाई म्हणाल्या.

"नऊ."

"मी मोजले बाई."

"मी भरले बाई."

पोचबाईंनी पुन्हा चमचा घेतला. नववा बदाम झाकणाच्या कडेला लोण्यात रुतून बसला होता. पोचबाईंनी तो चिमटीत धरून सर्वांना दाखवला.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी बहुधा कोणत्याही विद्यार्थ्याला इतक्या दुखावलेल्या आवाजात विचारला नसेल.

"पहिल्या दिवसापासून. एरवी सगळं वाटून कोबीत मिसळत होते, आज तेवढा वेळ नव्हता. पाण्यातसुद्धा. पाणी म्हणजे सूप होतं ते."

"म्हणजे एकोणीस दिवसांची निरीक्षणं..." मास्तर मधेच थांबले. "वहिनी, तुम्ही सही केली होती."

"केली होती. मास्तर, टायफॉइडमधून उठलेलं पोर आहे ते, तुमचं चंचुपात्र नाही. त्याचे गाल आत गेलेले तुम्हाला रकान्यात दिसत नव्हते, मला ताटात दिसत होते. फसवलं मी तुम्हाला. हवं तर तेही लिहून घ्या." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "यालाही फसवलं."

मास्तरांनी रजिस्टर उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. "लोणी किती म्हणालात?" त्यांनी विचारलं आणि लिहू लागले.

साहेबांनी माझी फाइल चाळली. मग पोचबाईंना म्हणाले, "दृष्टिदोषाचा एक खुलासाही यांचा बाकी आहे ना? डोकं दुखतं, पण पुरावा नाही, असं काहीसं."

"होय साहेब. कोणी पाहिलेलं नाही."

"आत्ता दुखतंय की," आई म्हणाली.

"कशावरून?"

"डावा कान बघा. लाल होतो. सकाळपासून दुखत असणार, एवढा लाल झालाय म्हणजे."

सगळ्यांनी माझा कान बघितला. साहेब उठून जवळ आले, उजवा कान बघितला, मग पुन्हा डावा. मास्तरांनी तर बोट लावून तापमानाचा अंदाज घेतला. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात हे मला ठाऊक नव्हतं. साहेब जागेवर जाऊन बसले आणि लिहिताना पुटपुटले, "वेदना समक्ष पाहिली."

मग त्यांनी अहवाल लिहिला. पुढे पोचबाईंनी मला त्याची प्रत दाखवली म्हणून मजकूर सांगता येतो. स्वतःचा डबा समोर असताना, उपाशी असताना व डोके दुखत असताना, वर्णन जुळले नाही म्हणून सदर कर्मचाऱ्याने डबा स्वतःलाही दिला नाही. वर्णन जुळल्याने डबा त्याच्या मातोश्रींना देण्यात आला. कायम करण्यास हरकत नाही.

"म्हणजे झाला का हा कायम?" आईने विचारलं.

"माझी सही झाली म्हणजे झाले. आज तारखेपासून," साहेब म्हणाले.

"कायम झालेल्यांना आजारपणाची रजा असते ना?"

"वर्षाला बारा दिवस."

"मग आजची अर्धी द्या. घरी नेते त्याला."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. कायम होऊन मला चार मिनिटं झाली होती. आगाराच्या इतिहासात इतकी ताजी रजा कोणी घेतली नसेल. पण माझ्यात नको म्हणण्याचंही त्राण नव्हतं.

बाकावर बसवून आईने मला तो डबा खायला लावला. गोळी दिली. मास्तर शेजारी बसून प्रत्येक घासाला माझ्या कानाकडे बघत होते. मग बस आली. मास्तर पुढे उभे राहिले, आईने मला खिडकीशी बसवलं आणि माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर टेकवून घेतलं. मी डोळे मिटले.

मागच्या सीटवरच्या एका बाईंनी वाकून हळूच विचारलं, "काय झालंय हो त्याला?"

"कायम झालाय," आई म्हणाली.

बाई आणखी पुढे वाकल्या. "कधीपासून?"

"आजच."

"वय तरी काय त्याचं," बाई हळहळल्या. "सांभाळा हं."

आई त्यांना समजावून सांगेल असं मला वाटलं, पण तीही दमली होती. मी डोळे मिटून पडून राहिलो. अजून बत्तीस वर्षं ही नोकरी करायची होती, आणि बाईंचं काही चुकतंय असं त्या वेळी तरी मला वाटलं नाही.